मदत हवी आहे: अभिनयाच्या नवशिक्या विद्यार्थ्यांना रंगमंचाचे कोणते शब्द आधी शिकवावेत?

नमस्कार. मी नागपुरात महाविद्यालयीन मुलामुलींसाठी अभिनयाचा प्राथमिक वर्ग घेतो. बहुतेक जण पहिल्यांदाच रंगमंचावर उभे राहणार आहेत. काहींच्या घरी हिंदी बोलली जाते, तर वडसा-गडचिरोलीकडून शिकायला आलेल्यांनी झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या त्या पट्ट्याची, रात्रभर चालणारी नाटके लहानपणापासून पाहिली आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर उतरणाऱ्या एखाद्या हौशी संघात यांच्यापैकी काहींना छोटी भूमिका, निदान पडद्यामागचे काम तरी मिळावे, अशी माझी इच्छा आहे. आणि तिथे ऐन तालमीत कोणी थांबून शब्दांचे अर्थ सांगत बसणार नाही, हे उघड आहे.

सध्या ‘दोन पावले डाउन ये’ म्हटले की एखादा मुलगा ‘सर, खाली बसू का?’ असे विचारतो, आणि ‘लेफ्टने एक्झिट’ म्हटले की अर्धे जण माझ्या डावीकडे जातात, अर्धे स्वतःच्या. हे शब्द इंग्रजीतच ठेवावेत की मराठी प्रतिशब्द द्यावेत, आणि सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पाठ करण्याजोगी लांब यादी मात्र नको आहे.

प्रतिसाद १

डाउन आणि अप यांमागचे कारण सांगितले की गोंधळ बराच कमी होतो. युरोपातील अनेक जुन्या नाट्यगृहांत रंगमंच मागच्या बाजूला उंच आणि प्रेक्षकांच्या दिशेने उतरता बांधलेला असे, त्यामुळे प्रेक्षकांकडे येणे म्हणजे खरोखरच खाली येणे होते. आपले मंच सपाट असले तरी शब्द तेच राहिले. डावे-उजवे मात्र कायम प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे धरायचे, समोर बसलेल्या दिग्दर्शकाचे नव्हे. वर्गाच्या फरशीवर खडूने मंचाचे नऊ चौकोन आखा (पुढे, मध्ये, मागे आणि प्रत्येकात डावा, मधला, उजवा) आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आळीपाळीने तुमच्या खुर्चीवर बसवून इतरांना हलवायला सांगा. ज्याला स्वतः सूचना द्यावी लागते, त्याच्या मनात दिशा लवकर पक्क्या होतात, असा माझा अनुभव आहे.

भाषेबाबत माझे मत असे की, ज्या शब्दाने काम चालते तोच शिकवावा. विंग (मंचाच्या बाजूची आडोशाची जागा), लेव्हल (मंचावरचा उंचवटा), स्पॉट (एका जागी पडणारा प्रकाशझोत), ब्लॅकआउट (मंचावर पूर्ण अंधार) यांना प्रतिशब्द शोधत बसू नये, कारण नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहातही दिवे सांभाळणारा माणूस हेच शब्द वापरणार. याउलट संहिता, तालीम, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा हे मराठी शब्द नाट्यवर्तुळात रुळलेले आहेत आणि त्यांतल्या नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांची स्पर्धेतली पारितोषिकेही त्याच नावांनी दिली जातात.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु नवख्यांना मराठी शब्दही चकवतात, हे लक्षात असू द्यावे. ‘दुसरा अंक, तिसरा प्रवेश’ यातला प्रवेश म्हणजे नाटकाचा एक भाग, आणि ‘इथे काकांचा प्रवेश’ यातला प्रवेश म्हणजे एंट्री. नेपथ्याचेही तसेच आहे: आज आपण मंचावरच्या मांडणीला नेपथ्य म्हणतो, पण संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ अशी रंगसूचना आली की आवाज पडद्याआडून येतो असे समजायचे. संस्कृत घेतलेले विद्यार्थी वर्गात असतील तर हा प्रश्न येणारच.

माझ्या मते दिशांच्या पाठोपाठ ‘क्यू’, म्हणजे आपण कधी बोलायचे किंवा हलायचे याची खूण, शिकवावा. नवीन मुले केवळ स्वतःची वाक्ये पाठ करतात आणि समोरचा थांबला की आपली पाळी आली असे धरून चालतात. मग समोरच्याने नुसता पॉज घेतला तरी मध्येच बोलून मोकळी होतात. म्हणून वहीत प्रत्येक संवादाच्या आधी समोरच्या पात्राचे शेवटचे तीन-चार शब्द लिहून घ्यायला लावा. क्यू शब्दाचाच असतो असेही नाही. दार वाजणे, दिवा मंदावणे, कोणी खुर्चीवरून उठणे, हेही क्यूच आहेत. मास्किंग, म्हणजे दुसऱ्या नटाला प्रेक्षकांपासून झाकणे, समजावून सांगण्यापेक्षा घडेल तेव्हा जागच्या जागी दाखवलेले बरे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. चौकोनांचा सराव येत्या तालमीपासूनच सुरू करतो. एक उपप्रश्न आहे: हालचालींच्या नोंदीही क्यूच्या त्याच वहीत घ्याव्यात का?

प्रतिसाद २

हो, त्याच वहीत, संवादाशेजारच्या समासात आणि पेन्सिलीनेच घ्याव्यात. ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभे राहायचे आणि कधी हलायचे याची आखणी, रंगीत तालमीपर्यंत (वेशभूषेसह होणाऱ्या शेवटच्या तालमीपर्यंत) बदलत राहते, आणि प्रत्यक्ष सभागृहाच्या मंचाची रुंदी हाती आल्यावर तर हमखास बदलते.