मदत हवी आहे: भोपळ्याचा ब्रेड आतून ओला राहतो
लाल भोपळ्याचा गोड ब्रेड ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर करते. वरून खरपूस, कडाही सुटतात, पण सुरी घातली की मधला भाग शिऱ्यासारखा चिकट. भोपळा फारच पाणी सोडतो. कुकरमध्ये शिजवण्याऐवजी फोडी भाजून, गर फडक्यात टांगून ठेवला तर फरक पडेल का? सासूबाईंना अंडं चालत नाही, म्हणून दही घालते. सोडा त्यानेच फुलतो, पण ओलावाही वाढतोच ना! दही कमी करू, की १६० वर जास्त वेळ ठेवू? (ज्वारीचं पीठ सुचवू नका, त्यासाठी कडक भाकरी आहे!) आणि सोलापुरात लांबट ब्रेडचा टिन कुठे मिळेल? नव्या पेठेत विचारलं, तर केकचे गोल डबेच दाखवले.