दुष्काळी पट्ट्यात मेंढ्यांना पेंडीऐवजी द्विदल चारा आणि भुसकट पुरेल का?

माणगंगाकाठ

माण तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन असून दख्खनी जातीच्या ३० मेंढ्या आहेत. विहिरीला मार्चच्या मध्यापर्यंतच पाणी असते. बहुतेक मेंढ्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वितात आणि तेव्हा रानात काहीच उरलेले नसते. यंदा काही कोकरांना उठून सडाला तोंडसुद्धा लावता येईना आणि आयांनाही दूध नव्हते. सरकी पेंड विकत घेणे परवडत नाही. घरचे तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट, थोडा भुईमुगाचा पाला आणि कडबा आहे. १५ गुंठे रान चाऱ्यासाठी काढता येईल. त्यात सुबाभूळ लावावी की दशरथ घास (हाही द्विदल चाराच)? सुबाभळीने लोकर गळते असे शेजारी सांगतात, ते खरे आहे का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

खरे आहे, परंतु अर्धेच. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचे द्रव्य असते आणि नुसता तोच पाला पोटभर घातला तर लोकर गळते. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी ठेवल्यास सहसा त्रास होत नाही. म्हणून सुबाभूळ बांधावर आणि दशरथ घास रानात, असे मी सुचवेन. दशरथाचे बी टणक असते; ते कढत, पण उकळी न आलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे धरून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे, नाहीतर उगवण विरळ होते आणि दोष बियाण्याला लागतो. पहिली कापणी सुमारे तीन महिन्यांनी येते, पुढच्या साधारण ४० दिवसांच्या अंतराने.

भुसकटाने पोट भरते, मात्र पोटातल्या गर्भाला लागणारी प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. ती उणीव हिरव्या द्विदल चाऱ्याने भरून काढायची असते. तुमच्याकडच्या साठ्यात भुईमुगाचा पाला सर्वांत कसदार आहे, तो शेवटच्या दीड महिन्यातल्या गाभण मेंढ्यांसाठी राखून ठेवा. तुरीच्या भुसकटातली पाने आणि शेंगांची टरफले मेंढ्या वेचून खातात व काड्या मागे टाकतात, म्हणून ते थोडे जास्तच टाकावे आणि उरलेल्या काड्या उकिरड्यात घालाव्यात.

३० किलोच्या मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा, म्हणजे पाण्याचा अंश वगळून, लागतो. गाभण मेंढीला ६०० ग्रॅम भुसकट व कडब्याची कुट्टी, १ किलो २०० ग्रॅम हिरवा द्विदल चारा (त्यात कोरडा भाग ३०० ग्रॅमच्या आसपास निघतो) आणि १५० ग्रॅम तूर किंवा हरभरा चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) द्यावी. सर्व ३० मेंढ्यांना ४५ दिवस पुरवायचा तर हिरवा चारा १६ क्विंटलच्या आसपास लागेल.

जतचा मेंढका

हिशेब बरोबर आहे, पण तो चारा मार्चमध्ये येणार कुठून? विहीरच आटलेली असेल. मेंढी पाच महिने गाभण असते. जून-जुलैत, पावसाबरोबर रानात कोवळे गवत आल्यावर मेंढा सोडला, तर विण्याची वेळ नोव्हेंबर-डिसेंबरात येते आणि विहिरीचे पाणी, दशरथाची कापणी व कोकरांचे पिण्याचे दिवस एकाच वेळी जुळतात. त्यासाठी बाकीचे महिने मेंढा वेगळा बांधावा, नाहीतर त्याच्या पोटाखाली फडके बांधावे. आमच्याकडे जुनी माणसे तेच करीत.

उन्हाळ्यासाठी बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवा. त्या आख्ख्या टाकू नका. मेंढी बी न पचवता लेंडीतून टाकते, म्हणजे कस वाया जातोच, शिवाय खत घातलेल्या रानात बाभळी उगवतात. शेंगा भरडून दिल्या की दोन्ही टळते.

माणगंगाकाठ

विण्याचा मोसम बदलण्याचा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता. मेंढा आजच वेगळा बांधतो. चुनी मात्र पहिल्याच दिवसापासून १५० ग्रॅम घालावी का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

मुळीच नाही. ३० ग्रॅमपासून सुरुवात करून दहा-बारा दिवसांत वाढवत न्यावे, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय होते. माझ्याच घरी खळ्यावरच्या गव्हाच्या राशीत रात्री दोन मेंढ्या शिरल्या होत्या. सकाळी त्या दात खात निपचित पडलेल्या सापडल्या, पोटात आम्लता झाली होती आणि एक संध्याकाळपर्यंत दगावली. चुनीची पोती उघडी ठेवू नका. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लसही पावसाळ्याआधी टोचून घ्या, कारण जूनमधल्या कोवळ्या गवतावर मेंढ्या एकाएकी तुटून पडल्या की तोही धोका असतो.