फाँटेन्स डी. सी.च्या 'रोमान्स'मधलं डब्लिन कुठे गेलं?

मंद्रसप्तक

या आयरिश बँडवर माझा जीव आहे, म्हणूनच हे लिहितोय. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला त्यांचा चौथा अल्बम 'रोमान्स' मी अजूनही ऐकतो, आणि दर वेळी चुकल्याचुकल्यासारखं होतं.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डब्लिनच्या संगीत महाविद्यालयात भेटलेली ही पाच पोरं. नावातलं डी. सी. म्हणजे डब्लिन सिटी. आधी एकत्र बसून कविता करायचे, गाणी त्यातून आली. २०१९ चा पहिला अल्बम 'डॉगरेल'. या शब्दाचा अर्थच मुळी ओबडधोबड यमकांची कविता. त्यात लिबर्टीज ही जुनी कामगारवस्ती होती, पाऊस होता, फक्त कॅरल्स सिगारेटच ओढणारा तो ड्रायव्हर होता. मी पुण्यात, डब्लिन कधी पाहिलेलं नाही, तरी त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून आल्यासारखं वाटायचं.

'रोमान्स'मध्ये असा एक माणूस दाखवा. 'इन द मॉडर्न वर्ल्ड' सुंदर आहे, तंतुवाद्यांचे थर डोळे मिटायला लावतात, पण ते मला लॉस एंजेलिसच्या संध्याकाळचं गाणं वाटतं. 'डिझायर' कुठल्याही शहरात लिहिता आलं असतं. 'स्टारबर्स्टर' जोरकस आहे, पण त्यातला तो श्वासाचा आवाज मला युक्ती वाटते. एकदा दचकवते, पाचव्यांदा नाही. गाणी मोठ्या मैदानांना पुरतील एवढी मोठी झाली आणि गल्लीबोळ गेले, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

लिफीकाठ

असहमत. मी नऊ वर्षं डब्लिनमध्ये राहतो. तुम्ही ज्या गल्ल्यांबद्दल म्हणताय तिथल्या खोलीचं भाडं आता गाणी लिहिणाऱ्या पोरांना परवडत नाही. पहिल्या वर्षी मी राहिलो त्या घरात आम्ही सहा जण होतो, घरमालकाने भाडं वाढवलं आणि दोन महिन्यांत सगळे पांगले. त्यातले तिघे आज आयर्लंडमध्येच नाहीत. हा बँडही लंडनला गेला. गेलेल्या माणसाने रोज उठून त्याच पावसाचं गाणं म्हणायचं, ही अपेक्षा मला बरोबर वाटत नाही.

आणि निघून जाण्यावर त्यांनी अख्खा अल्बम केलाय की! २०२२ चा 'स्किंटी फीआ'. त्याच्या पहिल्याच गाण्याचं शीर्षक आयरिश भाषेत आहे, अर्थ साधारण 'आमच्या हृदयात सदैव'. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका आयरिश बाईच्या थडग्यावर घरच्यांना हे शब्द कोरायचे होते. २०२० मध्ये चर्चच्या न्यायालयाने नकार दिला, भाषांतर नसेल तर ते राजकीय विधान वाटू शकतं म्हणून. पुढच्या वर्षी अपिलात परवानगी मिळाली. आईच्या दगडावर आईच्या भाषेतले चार शब्द, आणि त्यासाठी अपील! परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाने ते गाणं रात्री एकट्याने ऐकावं. मी ऐकलंय.

मंद्रसप्तक

लिफीकाठ, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. 'स्किंटी फीआ' लंडनमध्ये राहून केलेला अल्बम आहे आणि तरी त्यात घर आहे. त्यातलं 'द कपल अक्रॉस द वे' घ्या. गायक ग्रीअन चॅटनचा आवाज आणि एक अकॉर्डियन, बाकी काही नाही. समोरच्या घरात भांडणारं म्हातारं जोडपं. मी लहानपणापासून घरात पेटी ऐकत आलोय, त्यामुळे अकॉर्डियनचा भाता आत-बाहेर होताना जो हवेचा आवाज येतो तो माझ्या कानाला लगेच कळतो. त्यांनी तो पुसला नाही, राहू दिला. म्हणजे डब्लिन सोडूनही जमत होतं. मग 'रोमान्स'मध्येच का सोडून दिलं?

कोथरूडचा_बेसिस्ट

+१ मंद्रसप्तक, पण कारण वेगळं. मला शहराशी देणंघेणं नाही, आवाजाशी आहे. पहिल्या तिन्ही अल्बमांचा निर्माता डॅन कॅरी. 'डॉगरेल' ऐकताना पाच जण एका खोलीत उभे राहून एकमेकांकडे बघत वाजवताहेत असं वाटतं. कुणी किंचित पुढे जातो, बाकीचे त्याला गाठतात. 'रोमान्स'चा निर्माता जेम्स फोर्ड. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी स्वच्छ पुसून ठेवलेलं. ड्रमर टॉम कॉलचे ड्रम्स तर मला पूर्वी अंगावर यायचे, आता ते समोरच्या भिंतीवर लटकवल्यासारखे वाटतात. 'हिअर्स द थिंग' तेवढं सुटलंय, ते खरंच दात खाऊन वाजवलंय.

अबोली

मी इथे सहसा वाचते, लिहीत नाही. 'स्टारबर्स्टर'मधल्या श्वासाला युक्ती म्हटलंत म्हणून लिहिणं भाग आहे.

ते गाणं चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात आलेल्या पॅनिक अटॅकमधून आलंय. मला पहिला अटॅक दादरच्या पुलावर आला. संध्याकाळची गर्दी, मागून रेटा, आणि एकाएकी छातीत हवाच जाईना. मी कठड्याला धरून उभी होते. एका भाजीवाल्या मावशींनी माझी पर्स काखेत मारली आणि "तोंडाने नको, नाकाने घे" एवढंच सांगत राहिल्या. त्या वेळी माझ्या घशातून जो आवाज निघत होता तो मी नंतर कुणाला करून दाखवू शकले नाही. डॉक्टरांनाही नाही.

मग हे गाणं ऐकलं. आधी शब्दांची सरबत्ती, मागे हिप-हॉपचा ठेका, माणूस बोलतोय, बोलतोय, थांबायला घाबरतोय. आणि धृपदात तो आवाज. बाहेर सोडलेला श्वास नाही तो, आत ओढलेला आहे, आणि पुरेसा आत न गेलेला आहे. तो पुन्हा पुन्हा येतो कारण अटॅकमध्ये तो पुन्हा पुन्हाच येतो. पाचव्यांदा दचकवत नाही म्हणता. दचकवण्यासाठी नाहीच तो. मध्ये सगळा ठेका विरतो आणि तंतुवाद्यं येतात, तिथे मी दर वेळी खांदे खाली सोडते.

जागा हवी होती ना तुम्हाला? त्या गाण्यात एक स्टेशन आहे. नाव घेतलेलं नाही इतकंच.

लिफीकाठ

अबोली, लिहिलंत हे फार बरं केलंत.

मंद्रसप्तक, अजून एक. 'रोमान्स'मधल्या 'हॉर्सनेस इज द व्हॉटनेस' या गाण्याचं शीर्षक कुठून आलंय? जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीतून. डब्लिनमधल्या एका दिवसाच्या त्या पुस्तकातून. डब्लिन गेलं म्हणताना हे सुटलं का? आणि २०२३ मध्ये चॅटन नीकॅपच्या 'बेटर वे टू लिव्ह'मध्ये गायला; आयरिश भाषेत रॅप करणाऱ्या पोरांबरोबर. ज्याने पाठ फिरवली तो हे करत नाही. शिवाय उच्चार बघा त्याचे. लॉस एंजेलिसचं म्हणा की कुठलंही, तोंड उघडलं की गडी आयरिशच.

कोथरूडचा_बेसिस्ट

शीर्षकात जॉइस असल्याने गाण्यात डब्लिन येत नाही हो. आमच्या सोसायटीचं नाव 'इंद्रायणी' आहे.

उच्चारांचं मात्र मान्य.

मंद्रसप्तक

काल रात्री अबोलींचा प्रतिसाद वाचला आणि लगेच उत्तर दिलं नाही. हेडफोन लावून आधी 'द कपल अक्रॉस द वे' ऐकलं, त्याला लागून 'स्टारबर्स्टर'. भात्यात शिरणारी हवा, आणि नंतर माणसाच्या छातीत न शिरणारी हवा. पहिल्या गाण्यातला आवाज मी पेटीमुळे ओळखला, दुसऱ्यातला ओळखायला माझ्याकडे अनुभव नव्हता, म्हणून त्याला युक्ती म्हणून मोकळा झालो. तो शब्द मागे घेतो. अबोली, मनापासून सॉरी.

पण 'इन द मॉडर्न वर्ल्ड' आणि 'डिझायर'वर मी ठाम आहे. ती गाणी मला आवडतात आणि तरी त्यांच्यात कुणी राहत नाही.

अबोली

सॉरी कशाला. 'डिझायर'चं मलाही पटतं, ते मी बहुतेक वेळा पुढे ढकलते. पण तुम्ही कुणीच 'फेव्हरिट'चं नाव काढलं नाहीत! अल्बममधलं शेवटचं, अकरावं गाणं. गिटारी अशा खळखळतात की डोकं भादरलेल्या, रागीट वाटणाऱ्या या पोरांचंच आहे का हे असं वाटावं. त्याचा व्हिडिओ बघा. त्यांच्या लहानपणीच्या घरगुती चित्रफिती आहेत त्यात. गिटारवादक कार्लोस ओ'कॉनेल तर माद्रिदमध्ये वाढलेला, त्याचं घर डब्लिनचं नव्हतंच कधी.

मंद्रसप्तक

बघतो. पण 'फेव्हरिट'मधली गिटार मला फार गोड लागते हे आधीच सांगून ठेवतो. उद्या संध्याकाळी लिहितो, तोवर बेसिस्टनेही ऐकून ठेवावं.