मुधोळच्या पिल्लाचं नाव: घरात मराठी, तळमजल्यावर कन्नड, काय ठेवावं?

सूनबाई_शहापूर

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमच्याकडं पुढच्या आठवड्यात मुधोळ जातीच्या कुत्र्याचं पिल्लू येतंय. मादी, आठ आठवड्यांची, रंग फिकट तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. घरात आजी, आम्ही दोघं आणि दोन शाळकरी पोरं, सगळे मराठीच बोलतो. तळमजल्यावरचं बिऱ्हाड कन्नड आहे आणि आम्ही कामावर असताना पिल्लाकडं तेच बघणार. घरात एक मांजरही आहे, चिंगी.

आतापर्यंत निघालेली नावं: कुंदा (पोरांचा हट्ट), नीलू, बसंती, चिक्कू, चांदणी. यातलं कुठलं चालेल, कुठलं नाही आणि का, ते जाणकारांनी सांगा की. आणखी एक: ज्यांच्याकडून आणतोय ते सगळ्याच पिल्लांना "पप्पी" म्हणून बोलवतात. नाव बदललं तर ती गोंधळेल काय?

श्वानमित्र_निपाणी

ताई, अर्थ आणि आवड बाजूला ठेवून आधी ऐकू काय येतं ते बघा. कुत्रं शब्दाचा पहिला आघात, त्यातला ठळक स्वर आणि तुमची चाल एवढंच धरतं. म्हणून नाव रोजच्या आज्ञांशी जुळत नाही ना, ही पहिली तपासणी. तुमच्या घरात आज्ञा दोन भाषांत जाणार, म्हणजे तपासणीही दोन्हीकडून करायची.

कुंदा: बेळगावच्या कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) अभिमान आपल्या सगळ्यांनाच आहे, पण हे नाव तुमच्या घरात चालणार नाही. आपल्याकडच्या कन्नडमध्ये "बस" म्हणायला "कुंदर" म्हणतात. खालच्या मावशी "कुंदर" म्हणतील तेव्हा पिल्लू नाव ऐकल्यासारखं वर बघेल. वर पोरं "कुंदा" म्हणतील तेव्हा ते बसेल.

नीलू: कन्नडमध्ये "निल्लु" म्हणजे थांब. रस्ता ओलांडताना हाच शब्द सगळ्यात जास्त लागतो. बाद.

बसंती: पहिलंच अक्षर-जोड "बस". मराठी आज्ञा नावातच शिरली. शिवाय बसू, बसवराज ही नावं आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत, शेजारचा माणूस ओ देईल.

चिक्कू: एकटं नाव छान आहे, पण घरात चिंगी आहे. दोन्हीची सुरुवात "चि". जेवायच्या वेळी दोघी धावून येतील आणि एकाच वाटीवर भांडण होईल. घरातल्या दोन जनावरांच्या नावांचं पहिलं व्यंजन आणि शेवटचा स्वर, दोन्ही वेगळे असावेत. चिंगीच्या शेवटी "ई" आहे, म्हणून कुत्रीचं नाव "ऊ" किंवा "आ" वर संपणारं बघा.

चांदणी: याचा "च" मराठीत दंततालव्य, चमच्यातल्यासारखा. कन्नड बोलणारे तो चहातल्या "च" सारखा म्हणतात. वरच्या मजल्यावर एक नाव आणि खाली दुसरं, असं होतं. "झ" आणि "ज" ने सुरू होणाऱ्या नावांचंही तेच, झुंजार, झेंडू वगैरे. आणि शेवटी पुन्हा "ई".

याच हिशेबाने इला (कन्नड "इल्ला", म्हणजे नाही), निको (नको) आणि बाबू, बाळी यांसारखी "बा" ने सुरू होणारी नावं (कन्नड "बा", म्हणजे ये) टाळा. नाव स्वरावर संपणारं ठेवा. व्यंजनावर संपणाऱ्या नावाला कन्नड तोंडात शेवटी "उ" लागतो, शेरचा शेरू होतो. आधीच शेरू ठेवलं तर दोघांच्याही तोंडी एकच राहतं.

"पप्पी" ची काळजी करू नका. सगळ्या पिल्लांना मिळून मारलेली हाक एकीचं नाव होत नाही.

खानापूर_रानवाट

मुधोळ आहे म्हणून दोन शब्द. हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. समोर ससा किंवा मांजर पळालं की मान खाली, अंग लांब, आणि तेवढा वेळ कान बंद म्हटलं तरी चालेल. कितीही चांगलं नाव ठेवलं तरी धावत्या मुधोळला फक्त नावाने परत आणता येत नाही. नाव म्हणजे "माझ्याकडं बघ", येण्याचा शब्द वेगळा. नाव, मग तिने बघितलं की "ये". हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर नावालाच "ये" चा अर्थ चिकटतो, आणि मग नुसतं लाडानं नाव घेतलं तरी ती उठून येते किंवा, वाईट म्हणजे, कधीच येत नाही.

लांबून हाक जायची तर नावात एक कडक व्यंजन (क, ट, ड, प) आणि एक लांबवता येणारा स्वर पाहिजे. व्यंजनाने तिचं लक्ष तुटतं, आवाज लांब जातो तो स्वरामुळं. ह, व, य ने सुरू होणारी मऊ नावं आमच्याकडच्या पावसात, पत्र्याच्या शेडखाली, पन्नास पावलांवरही कळत नाहीत. दोन अक्षरं पुरेत. तीन ठेवलीत तर घरचे आठवड्यात त्याची दोन करतात, मग ती दोन काय होतील ते आधीच ठरवा.

चाचणी अशी: नाव गच्चीवरून घ्यायचं, एकानं खाली रस्त्याच्या टोकाला उभं राहायचं, रिक्षा-मोटारसायकल चालू असताना. काय ऐकू आलं ते त्यानं लिहायचं. आजींच्या आवाजातही करून बघा. दात नसतील तर स, श, च चे उच्चार बदलतात, क-ट-ड टिकतात.

आणि मोकळं सोडायची घाई नको. कुंपणाच्या आत किंवा दहा मीटरच्या लांब दोरीवर हाक पक्की होईपर्यंत बाहेर सुटं नाही. आमच्या रानाच्या कडेला बिबट्या असतो, दिवस मावळायच्या आत कुत्रं आत यायलाच पाहिजे. तुमच्याकडं बिबट्या नसला तरी गोवावेसचा रहदारीचा रस्ता आहे.

अनगोळ_मांजरवाली

चिंगीचाही विचार केलात हे बरं वाटलं. मांजराला नाव कळत नाही हा समज चुकीचा आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीव मांजरं आपलं नाव त्याच चालीच्या इतर शब्दांपासून वेगळं ओळखताना दिसली. यायचं की नाही ते मात्र ती ठरवते. म्हणून पिल्लू आल्यावर चिंगीची हाक बदलू नका, उलट पहिले पंधरा दिवस चिंगीचं नाव फक्त तिच्या खाण्याच्या वेळी, उंच जागेवर वाटी ठेवून घ्या. "चिंगी, खाली उतर" असं पिल्लासमोर ओरडलं तर तिच्या नावाला कुत्र्याची भीती जोडली जाते, आणि ते सुटायला महिने लागतात. दोघींना एकटं एका खोलीत ठेवू नका, पिल्लू शिकारी जातीचं आहे.

सूनबाई_शहापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंदा म्हणजे कुंदर हे डोक्यातच आलं नव्हतं, खालच्या मावशींनाही पटलं. आता नवी यादी: काजू, तांबू, लाडू. आणि नाव शिकवायचं नेमकं कसं, तेही सांगा.

श्वानमित्र_निपाणी

तांबू रंगाला शोभतं, पण मराठी "थांब" च्या अगदी शेजारी बसतं. काढा.

काजू चांगलं आहे: कडक "क", शेवटी "ऊ", फक्त मधला "ज" खालच्या मजल्यावर जरा वेगळा म्हणतील. खरी अडचण एकच. खालच्या गृहस्थांना पोरं दिवसभर "काका" म्हणत असतील तर "का" वर तिचे कान सारखे उठतील आणि दोन आठवड्यांत ती त्याकडं दुर्लक्ष करायला शिकेल. अण्णा किंवा मामा म्हणत असतील तर प्रश्न नाही.

लाडू दोन्ही भाषांत तोच शब्द, तोच उच्चार. "ल" मऊ आहे, पण मधला "ड" आघात देतो आणि "लाऽडू" असं पहिलं अक्षर लांबवलं की गच्चीवरून जातं. माझं मत लाडूला. फक्त पोरांना एक गोष्ट बजावा: नाव लाडू म्हणून तिला लाडू भरवायचा नाही. आपल्या लाडवात अथणीकडचे बेदाणे असतात, आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, थोडेसे सुद्धा.

आता शिकवणं. उकडलेलं चिकन किंवा पनीर, मीठ-मसाला काही नको, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. शांत खोली, टीव्ही बंद. ती दुसरीकडं बघत असताना नाव एकदाच घ्या, आनंदी आवाजात. मान वळली की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा तोंडाशी. एका वेळी पाच हाका, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाआधी पोट रिकामं असताना. एवढंच. पंधरा-पंधरा मिनिटं बसवलं तर पिल्लू कंटाळतं.

वळली नाही तर नाव पुन्हा घेऊ नका. "लाडू, लाडू, लाडू" केलं की पहिल्या हाकेला काही अर्थ नाही असं ती शिकते. त्याऐवजी ओठांनी चुकचुक आवाज करा, वळली की बक्षीस, आणि पुढची हाक जरा जवळून मारा. दहापैकी आठ वेळा वळायला लागली की खोलीतून व्हरांड्यात, मग फाटकापाशी, मग दोरीवर गल्लीत. प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवशी परत सोपं करायचं.

बिघडतं ते बहुधा असं. तुकडा उशिरा मिळतो: मान वळून तीन सेकंद गेली तर ती मधल्या हालचालीला बक्षीस समजते. रागावताना नाव घेतलं जातं: "लाडूऽ, काय केलंस!" असं चार दिवस झालं की नाव ऐकून ती खाटेखाली जाते. रागावायला "अंहं" ठेवा, नाव नको. अंघोळीला, नखं कापायला, सुईला न्यायचं असेल तर नावाने बोलवू नका, स्वतः जाऊन उचला. आणि लाडाची नावं. लड्डू, लाडो, लाडूबाई, सोनुली: पहिले तीन आठवडे सगळी बंद. मावशींसकट सगळ्यांची एकच हाक, एकच चाल. दाराच्या मागे कागद लावा: नाव, मग ये, बस, थांब, सोड, प्रत्येकाला एकच शब्द. मराठी ठेवा नाहीतर कन्नड ठेवा, कुठलेही चालतील, पण दोन्ही मजल्यांवर तेच.

दोन-तीन आठवड्यांनी पाठीमागे किल्ल्या वाजवूनही ती वळत नसेल तर नावाचा दोष नाही, डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

चिकोडी_गोठा

पुढच्या वाचकांसाठी एक भर. आपल्या भागात जनावराला रंगावरून नाव द्यायची रीत जुनी आहे, ढवळ्या, पवळ्या, हरण्या, बांडी. त्यात कुणाचं मन दुखत नाही. राजे, संत, देव, स्वातंत्र्यवीर, कुणाचं आडनाव किंवा समाजाचं नाव कुत्र्याला देऊ नये, मराठी असो की कन्नड. सीमाभागात गल्लीत मोठ्यानं हाक मारताना आपण ते दोन्ही भाषिकांच्या कानावर घालत असतो. नाव पक्कं करण्याआधी शेजारच्या चार घरांतली माणसांची नावं एकदा आठवा. लाडू नावाचं कुणी पोर असलं तर आत्ताच कळेल.

श्वानमित्र_निपाणी

बरोबर. कागदांचंही सांगतो. पिल्लाला केनेल क्लबचे (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद मिळणार असतील तर त्यावर वेगळं लांब नाव असतं आणि तुमचं हाकेचं नाव वेगळं राहू शकतं, दोन्ही एक करायची गरज नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर जात "कॅरव्हॅन हाउंड" लिहिलेली दिसली तरी घाबरू नका, मुधोळला तिथं तेच नाव आहे.

लसीच्या कार्डावर मात्र हाकेचंच नाव घाला आणि इंग्रजी स्पेलिंग पहिल्या दिवशीच ठरवा. लाडूला एक "डी" की दोन, शेवटी "यू" की दोन "ओ", यावरून पुढं दवाखाना बदलला की दोन वेगळ्या कुत्र्यांची कार्डं वाटतात. नावाशेजारी रंग, छातीवरचा पांढरा पट्टा, मादी आणि जन्मतारीख लिहून घ्या. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवली तर तिचा पंधरा अंकी नंबर त्याच पानावर. आठ आठवड्यांची आहे म्हणजे पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस झाली का ते आणतानाच विचारा, रेबीजची पहिली तीन महिन्यांची झाल्यावर.

सूनबाई_शहापूर

लाडू नक्की. खालच्या गृहस्थांना पोरं काकाच म्हणतात, म्हणून काजू गेलं. गल्लीत लाडू नावाचं कुणी नाही, विचारून आले. आज्ञा कन्नडमध्ये ठेवतोय, दिवसभर मावशीच असतात म्हणून: बा, कुंदर, निल्लु, ब्याड (नको). कागद दोन्ही मजल्यांवर लावला. पनीर चालेल म्हणालात, तर घरी दूध फाडून केलेलं चालतं काय, की विकतचंच?

श्वानमित्र_निपाणी

घरचंच उत्तम, मीठ न घालता. लिंबाचा आंबटपणा जाईपर्यंत दोनदा पाण्यात धुवा, दाबून घट्ट करा म्हणजे तुकडे मोडत नाहीत, आणि फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. पहिल्या दिवशी चार-पाच तुकडेच द्या. शी पातळ झाली तर दूध पचत नाही असं समजून चिकनवर या.