निघोजच्या रांजणखळग्यांना बाइकवरून एका दिवसात जाऊन यायचंय, सल्ला हवाय

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही सहा मित्र, तीन गाड्या: दोन शाइन आणि एक जुनी स्पोकवाली स्प्लेंडर. दिवाळीनंतरच्या गुरुवारी निघोजला कुकडीकाठी, नदीने कातळात कोरलेले ते खड्डे बघायला जायचा विचार आहे. गुरुवारच, कारण भोसरीतलं आमचं शॉप गुरुवारी बंद असतं. आमच्यातला एक जण चाकणला कामाला आहे. त्याची रात्रपाळी सकाळी सातला सुटते, तेव्हा त्याला घेऊनच पुढे जायचं. माणशी सातशे रुपये खर्च, पेट्रोल आणि जेवण धरून. नदीकाठी निवांत बसायचंय, पोहायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत परत यायचंय.
रस्ता कसा आहे, तेव्हा पाणी किती असेल आणि जेवणाची सोय काय, एवढं सांगा. शाइनवर डबलसीट जमेल ना?

घाटवेडा
निघोजला काय जाता, ताम्हिणीला जा. मुळशीचा जलाशय उजव्या हाताला ठेवत घाट उतरलात की विळे, आणि तिथून कुंडलिका. मी केटीएम ३९०वर जातो, त्या वळणांची मजा सपाटीला येणार नाही. कोलाडला राफ्टिंग करा, नदीकाठच्या रिसॉर्टमध्ये जेवा. माणशी अडीच हजारांत राजेशाही दिवस जातो. आणि गुरुवार कसला, रविवारी निघा, वाटेत बाकीचे ग्रुपही भेटतात.

वाईकरीण
सहा मित्र, एक दिवस आणि निवांत नदी? मग मेणवली. वाईपासून अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा. पायऱ्यांवर बसलं की उठवत नाही. वाईत ढोल्या गणपती, जरा पुढे धोम धरण. महामार्ग रुंद, आणि दुचाकीला टोल नाही.

मुळामुठा
निघोज ठीक आहे, पण नगर रोडने जाणार ना? मग पहाटे पाचला निघा. वाघोली सहाच्या आत पार केलीत तर केलीत, नाहीतर तिथेच अर्धा दिवस जातो. मी रोज लोणीकंदला जातो, मला विचारा. येताना तर कोरेगाव भीमापासूनच ब्रेक-क्लच, ब्रेक-क्लच.

चेन_ल्यूब
आधी गाड्यांचं बघा, ठिकाण नंतर. शाइनला ट्यूबलेस टायर असतील तर उत्तम, पण स्प्लेंडर स्पोकची म्हणजे ट्यूबवाली. पंक्चर झालं की चाक काढा, टायर उचका, सगळा कुटाणा. मी तर दुसऱ्याच महिन्यात अलॉय टाकून ट्यूबलेस करून घेतलं. पंक्चर किट आणि पायाने मारायचा पंप सोबत, पाच मिनिटांत काम. शिवाय सहाही जणांना कोपर-खांद्याला पॅड असलेली जॅकेटं घ्या. माझं साडेसहा हजारांचं आहे, एकदा खडीवर घसरलो तेव्हा हाताला ओरखडासुद्धा नाही.

इंद्रायणीकाठ
घाटवेडा, चेन_ल्यूब, धन्यवाद, पण माणशी सातशे म्हटलंय. मुळामुठा, आम्ही भोसरीतून निघणार, वाघोली आमच्या वाटेतच येत नाही.

मुळामुठा
मग चाकण-शिक्रापूर रस्ता. तो त्याहून वाईट. नुसते कंटेनर. म्हणूनच म्हणतो, पाचला निघा.

सह्याद्रीपुत्र
मेणवलीला +१. आणि पहाटे पाचलाच निघा. ताम्हिणीही सुंदर.

टाकळीकर
माझं गाव टाकळी हाजी, म्हणजे कुंडाच्या अलीकडचा काठ. निघोज पारनेर तालुक्यात, आम्ही शिरूर तालुक्यात, मधून कुकडी. आमच्याकडे त्या जागेला कुंडच म्हणतात. कुंडावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, चैत्रात मोठी यात्रा भरते.
रस्त्याचं सांगतो. भोसरीवरून शिक्रापूरकडे वळूच नका. नाशिक रोडने चाकण, राजगुरुनगर. तिथून उजवीकडे पाबळचा रस्ता धरा. पाबळ, कान्हूर मेसाई, मलठण, टाकळी हाजी. दोन्हीकडे कांदा, ज्वारी, मध्येच माळ. कंटेनर जवळपास नाहीत. पाबळला मस्तानीची कबर आहे, पाच-दहा मिनिटं थांबता येईल. मोराची चिंचोली याच पट्ट्यात. सकाळी रानात मोर सहज दिसतात, फक्त हॉर्न वाजवत जाऊ नका. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आत बसतं. हल्ली रस्त्याला उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, ओव्हरटेक करताना दुसरी विसरू नका.
पाणी: पावसाळ्यात पूर असला की खळगे दिसतच नाहीत, सगळी नदी सपाट वाहते. दिवाळीनंतर बरेचसे उघडे पडतात आणि मधल्या घळईत हिरवं पाणी राहतं. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं की नदीचं पाणी वाढतं, त्यामुळे आल्यावर आधी देवळाजवळ कुणाला तरी विचारा. आवाज वाढला किंवा पाणी गढूळ झालं तर लगेच वर या, फोटो राहू द्या.
एक विनंती. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं खळग्यांत टाकू नका. ती खाली गेली की आम्हालाही काढता येत नाहीत.

घाटवेडा
पाण्याचं म्हणत असाल तर कुंडलिकेला बारमाही खात्रीचं पाणी. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, रोज सकाळी सोडतात, म्हणून तर तिथे उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. तुमच्या कुकडीला आवर्तनाची वाट बघावी लागते.

टाकळीकर
कुकडीचं पाणी शेतीला आहे दादा, राफ्टिंगला नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, या पाच धरणांवर जुन्नरपासून पार कर्जत-करमाळ्यापर्यंतची शेतं उभी आहेत. नदीत पाणी खेळतंय ते बघायला या, तेवढं पुरे.

दगडधोंडे
भूशास्त्राची विद्यार्थिनी आहे, कॉलेजच्या सहलीत इथे बराच वेळ काढलाय. माझं मत, एप्रिलमध्ये जा. तेव्हा पाणी सगळ्यात कमी असतं आणि खळग्यांची खोली नीट कळते. आता जाणारच असाल तर हे बघा.
हा सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पात्रातल्या एखाद्या लहान खड्ड्यात गोटे अडकतात, पाण्याचा भोवरा त्यांना गरागरा फिरवतो, आणि ते गोटे खडकाला आतून घासत राहतात. खड्डा खोल होतो, गोटे झिजून संपतात, पुढच्या पुरात नवे येतात. काठावर पालथं झोपून आत डोकावलंत तर तळाशी ते गुळगुळीत गोटे दिसतील. काही ठिकाणी शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून तिला आरपार खिडकी पडलीय, एकातलं पाणी दुसऱ्यात जातं. आतल्या भिंतीवरून हात फिरवा, आडव्या वळ्या लागतील. कुठल्याही पुस्तकातली आकृती त्यापुढे फिकी आहे.
याच कारणाने सावधही रहा. कित्येक खळग्यांचं तोंड लहान आणि पोट मोठं. भिंत गुळगुळीत, पकडायला काही नाही. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही. कडेला शेवाळ असतं आणि तोंडाच्या कडा झिजून आत उतरत्या झालेल्या असतात. चपला घालून खडकावर फिरू नका. ओला खडक काळपट चकाकतो, त्यावर पाऊल टाकू नका. मित्रांत एखादा सेल्फीवाला असेल तर त्याच्याजवळ एकाने उभं राहायचं.

वाईकरीण
म्हणूनच म्हटलं, मेणवली. घाटाला पायऱ्या आहेत, कुठे पडायची भीती नाही.

जुना_राजदूत
सगळे ठिकाणावर भांडताय, पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कुणीच वाचलं नाही. एक मुलगा रात्रभर पाळी करून थेट गाडीवर बसणार आहे. मी चौतीस वर्षं कारखान्यात काढली, तिन्ही पाळ्या केल्या. पाळी सुटल्यावर पहिला तासभर माणूस ताजातवाना असतो, गप्पा मारतो, सगळ्यांना वाटतं हा ठीक आहे. दहा-साडेदहाला ऊन अंगावर आलं की डोळा लागतो आणि त्याला स्वतःलाही कळत नाही. माझ्याबरोबरचा एक जण असाच मोकळ्या सरळ रस्त्यावरून खाली उतरला होता, समोर कुणीच नव्हतं. त्या मुलाला हॅंडल देऊ नका, जाताना नाही आणि येताना तर नाहीच. मागे बसवा, मागच्यालाही हेल्मेट हवंच. मागे बसून पेंगायला लागला तर थांबा, झाडाखाली अर्धा तास झोपू द्या. कुकडी कुठे जात नाही.
बाकी शाइनवर डबलसीट आरामात जमतं. आम्ही राजदूतवर भीमाशंकर केलंय, तेव्हा रस्तेही असे नव्हते. दोघं बसणार तर मागच्या चाकात हवा जास्त लागते, चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेत आकडा लिहिलेला असतो तेवढीच भरा. चेन आदल्या दिवशी ताणून तेल घाला. सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे सुटत नाही.
आणि चेन_ल्यूब, खेडेगावात ट्यूबचं पंक्चर कुठल्याही टपरीवर निघतं. जादा ट्यूब डिकीत टाकली की झालं.

चेन_ल्यूब
काका, स्प्लेंडरला डिकी नसते. आणि ट्यूबमधली हवा एकदम जाते, ट्यूबलेसची हळूहळू जाते. सत्तरच्या वेगात हा फरक जिवावरचा आहे.

जुना_राजदूत
सत्तर कशाला? डबलसीटला पंचावन्न पुष्कळ झालं.

हिशेबनीस
दोनशे किलोमीटर, शाइन डबलसीट पन्नासचं अॅव्हरेज देते असं धरा. चार लिटर, म्हणजे गाडीमागे सव्वाचारशेच्या आसपास, माणशी जास्तीत जास्त सव्वादोनशे. उरलेल्या पावणेपाचशेत नाश्ता, जेवण, दोनदा चहा आणि जादा ट्यूबची वर्गणी, सगळं बसतं. सातशे पुरतात. पण गुरुवारी जाऊ नका, रविवारी आठवडे बाजार वगैरे बघता येईल.

टाकळीकर
रविवारी कुंडावर गर्दी असते. जेवणासाठी वाटेत ढाबे आहेत, मासवडी-रस्सा कुठे मिळाला तर सोडू नका, आमच्या पारनेर-जुन्नर-आंबेगावकडची खासियत आहे. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी मागा. कुंडाजवळ मात्र मोजकीच दुकानं असतात, पाणी आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

सह्याद्रीपुत्र
मासवडी खायची तर नारायणगाव. निघोजऐवजी तिकडेच जा, पुढे कुकडेश्वर करा. कुकडी तिथेच उगम पावते, नाणेघाटाच्या अलीकडे. प्राचीन दगडी मंदिर आहे.

घाटवेडा
एकदा ताम्हिणी करा, मग बोला.

इंद्रायणीकाठ
सगळे प्रतिसाद काल रात्री शॉपवर सहाही जणांनी मिळून वाचले. ठरलं ते लिहितो.
निघोजच. गुरुवारच. पाचला निघणं होणार नाही, पाळी सातला सुटते आणि त्याला सोडून जायचा प्रश्नच नाही. ही सहल मुळात त्याच्यासाठीच आहे. डिसेंबरात तो उत्तराखंडातल्या पंतनगरच्या प्लांटला बदलून चाललाय, सहा जण परत कधी एकत्र येतील कुणास ठाऊक. म्हणून एप्रिलपर्यंतही थांबता येत नाही. साडेसातला चाकणहून सुटू, राजगुरुनगरला मिसळ, मग पाबळच्या रस्त्याने.
तो गाडी चालवणार नाही. राजदूतकाका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची स्वतःची शाइन आहे म्हणून तोच चालवणार असं धरून बसलो होतो. तो जरा कुरकुरला, पण तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा गप्प बसला. दोन्ही वेळेला मागे बसेल. स्प्लेंडर सगळ्यात पुढे. जादा ट्यूब घेतलीय, टायर उचकायच्या पट्ट्या शॉपमध्ये आहेतच. सहाही जण बूट घालणार, आणि दोघांना पोहता येत नाही, तर त्यांनी वरच्या कातळावरच बसायचं असं त्यांनीच सांगितलंय.
टाकळीकर दादा, येताना रिकामं पोतं आणतो, वरवर दिसेल तेवढा कचरा उचलून नेऊ. गुरुवारी तुम्ही गावात असाल तर चहाला भेटा.

टाकळीकर
गुरुवारी मी कामावर, पुण्यात. पण घरी सांगून ठेवतो. व्यक्तिगत निरोपात घराची खूण पाठवलीय, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. उन्हं चारच्या पुढे उतरायला लागतात, तेव्हाच परत फिरा, म्हणजे पाबळपर्यंत उजेड मिळेल.

चेन_ल्यूब
नुसती ट्यूब घेऊन काय करणार, पंप घेतलात का?