शाळकरी पोरांना ‘हलती’ स्क्रीन शिकवावी का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी बोला

टिळकवाडीकर

आपल्या भागात बास्केटबॉलचा पिक अँड रोल (बॉलवाल्याच्या डिफेंडरच्या वाटेत साथीदारानं उभं राहून आडोसा, म्हणजे स्क्रीन, लावायची आणि मग वळून बास्केटकडं पळायचं, म्हणजे रोल) शिकवतात म्हणजे काय करतात? संघातल्या सगळ्यात उंच पोराला सांगतात, ‘जा, बॉलवाल्याच्या डिफेंडरला आडवा उभा राहा.’ पोरगं चालत जातं, हात छातीवर घेऊन ताठ उभं राहतं. डिफेंडर आरामात वळसा घालून निघून जातो आणि बाहेरून आरडाओरडा सुरू, ‘रोल कर रे, रोल!’ फायदाच मिळाला नाही तर रोल करून जाणार कुठं?

माझं म्हणणं असं की स्क्रीनमधल्या बारीक गोष्टी नववी-दहावीपासूनच शिकवाव्यात. पंचाच्या नजरेच्या कडेवरच्या गोष्टीसुद्धा.

पहिलं म्हणजे जागा आणि कोन. स्क्रीन लावणाऱ्याची पाठ जिकडं, तिकडं बॉल जातो. पाठ साइडलाइनकडं ठेवली तर बॉलवाला कोपऱ्यात जाऊन अडकतो. त्यात आपल्या शाळांच्या सामन्यात 6.75 मीटरवरून, तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून, शॉट मारणारी पोरं किती? हे समोरच्यांनाही ठाऊक असतं, म्हणून त्यांचा डिफेंडर दरवेळी स्क्रीनच्या खालून, म्हणजे स्क्रीन आणि बास्केटच्या मधून जातो. मग तीन पॉइंटच्या रेषेबाहेर लावलेली स्क्रीन म्हणजे नुसती पायपीट. तीच खाली, फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास, पाठ सरळ बास्केटकडं करून लावा. डिफेंडर खालून गेला तर जवळचा मोकळा शॉट मिळतो, आणि बॉलवाल्याला डावी-उजवी दोन्ही बाजू उघड्या राहतात.

दुसरं, स्क्रीन लावायला पळत जायचं. चालत गेलं की स्वतःचा डिफेंडरही सोबत येतो आणि मदतीला तयार उभा राहतो. जोरात पळालं की तो एक पाऊल मागं राहतो, आणि सगळा खेळ त्या एका पावलाचा आहे.

आता वादाचा मुद्दा, ती ‘हलती’ स्क्रीन. बॉलवाला खांद्याला घासून निघाला की रोलचं पहिलं पाऊल डिफेंडरच्या वाटेत टाकायचं. कंबर थोडी मागं सोडायची. बघणाऱ्याला वाटतं पोरगं रोल करतंय, डिफेंडरचा मात्र अर्धा सेकंद जातो. एनबीएतला (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) केव्हिन गार्नेट हेच करत मोठा झाला असं त्याचे विरोधक अजून म्हणतात. शिट्टी वाजली तर सोडा, नाही वाजली तर आपलं. हे मी शिकवतो आणि शिकवणार. बोला.

शिट्टीवाला

मी गेली बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या सामन्यांना शिट्टी फुंकतो, म्हणून बोलतो. फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियम 33.7 काढून बघा. धडक होते त्या क्षणी स्क्रीन लावणारा थांबलेला असला पाहिजे, आपल्या सिलिंडरच्या (अंगाभोवतीच्या काल्पनिक जागेच्या) आत असला पाहिजे आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर असले पाहिजेत. तुमचं ‘रोलचं पहिलं पाऊल’ धडकेच्या क्षणी हवेत असतं. म्हणजे फाऊल. यात कडा-बिडा काही नाही.

अंतराचंही बघा. उभ्या असलेल्या डिफेंडरच्या समोरून किंवा बाजूनं, त्याला दिसेल अशी स्क्रीन लावली तर हवं तितकं जवळ जा, फक्त धक्का नको. त्याच्या पाठीमागं, नजरेबाहेर लावली तर त्याला एक साधं पाऊल टाकायला जागा सोडावीच लागते. तो पळत असेल तर थांबता येईल किंवा दिशा बदलता येईल इतकी जागा, एक पावलापेक्षा कमी नाही आणि दोन पावलांपेक्षा जास्त नाही. आमच्याकडं निम्म्या शिट्ट्या या अंतरावरून वाजतात, कंबरेवरून नव्हे. उरलेल्या पायांवरून. पोरं पाय इतके फाकवून उभी राहतात की डिफेंडर गुडघ्याला अडकून पडतो.

आणि ‘सोडा’ म्हणजे काय सोडा? बॉल तुमच्याकडं असताना तुमचा फाऊल झाला की बॉल समोरच्यांना. वर त्या पोराच्या खात्यावर एक फाऊल चढला. पाच झाले की बाहेर. तुमचा एकुलता एक उंच पोरगा दुसऱ्या क्वार्टरलाच तीन फाऊल घेऊन बाकावर बसला तर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) कोण घेणार, तुम्ही?

टिळकवाडीकर

सर, नियम पाठ आहे. खरं नियम पुस्तकात एक आणि मैदानावर एक असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शाळेच्या सामन्याला पंच दोनच. एक बास्केटखाली, एक बॉलच्या मागं. बॉलच्या मागचा बॉल बघतो, कंबर नाही.

29 मे 1997. एनबीएत यूटा जॅझ विरुद्ध ह्यूस्टन रॉकेट्स, सहावा सामना, स्कोअर बरोबरीत. शेवटच्या क्षणी जॅझच्या कार्ल मलोननं रॉकेट्सच्या क्लाइड ड्रेक्सलरला अक्षरशः मिठी मारली, जॅझचा जॉन स्टॉकटन मोकळा झाला आणि त्यानं तीन पॉइंट टाकला. 103-100. जॅझ पहिल्यांदा फायनलला गेले. शिट्टी वाजली? नाही.

शिट्टीवाला

आणि आजही तो शॉट दाखवताना लोक ती मिठी दाखवतातच. तुमच्या पोरांनी हीच कीर्ती कमवायची असेल तर शिकवा. आणि बॉलच्या मागचा पंच काय बघतो ते मी सांगतो: स्क्रीन येताना दिसली की चांगला पंच बॉल सोडून स्क्रीन लावणाऱ्याचे पाय बघतो. सगळे चांगले असतात असं म्हणत नाही.

निपाणीची पॉइंट गार्ड

दोघंही स्क्रीन लावणाऱ्यावरच भांडताय. मी कॉलेजपर्यंत पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ चालवणारी, खेळले. हलत्या स्क्रीनचे बहुतेक फाऊल बॉलवाल्यामुळं होतात. स्क्रीन लावायला मैत्रीण येतेय तोवर ही निघालेली असते. मग ती बिचारी पळता पळता अडवायला जाते, धडक होते, शिट्टी वाजते आणि फाऊल तिच्या नावावर! कोचची शिवीही तिलाच.

बॉलवाल्यानं दोनच गोष्टी करायच्या. स्क्रीनच्या उलट्या बाजूला एक खोटं पाऊल टाकून डिफेंडरला तिकडं ओढायचं आणि मैत्रिणीचे पाय थांबेपर्यंत वाट बघायची. निघताना तिच्या कंबरेला आपला खांदा घासला पाहिजे, मधून हातही जाता कामा नये. एवढं झालं तर डिफेंडर आपणहून स्क्रीनवर जाऊन आदळतो. मग कुणाला कंबर हलवायची गरजच काय?

टिळकवाडीकर दादा, तुम्ही कोन आणि पळत जाणं सांगितलं ते अगदी मान्य. तिसरी गोष्ट मात्र आळशी बॉलवाल्याचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर टाकणारी आहे.

कडेपाटीचा कार्टा

आमच्या टीममध्ये बॉलवाला पासच देत नाही ओ. मी रोल करून बास्केटखाली जाऊन हात वर करून उभा राहतो, तिथं जास्त थांबलो म्हणून तीन सेकंदाची शिट्टी माझ्यावरच. 😂

खानापूरचे पीटी सर

वर सगळं मोठ्या कोर्टाचं चाललंय. आमच्याकडं सिमेंटचं कोर्ट आहे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत निम्मे दिवस ओलं. येणारी पोरं कबड्डी आणि खो-खोची. कबड्डीच्या पोराला ‘आडवा उभा राहा’ म्हटलं की तो पाय धरायला वाकतो, त्याला हात आत ठेवायला शिकवण्यात एक हंगाम जातो. अशा पोराला ‘कंबर थोडी सोड’ सांगितलं तर ती थोडी राहत नाही. समोरचा पोरगा नजरेबाहेरच्या स्क्रीनवर वेगात आदळून सिमेंटवर पडला की मनगट आधी जातं. पालक मला विचारतात, एनबीएला नाही.

म्हणून माझा विरोध नियमापेक्षा वेगळ्या कारणासाठी. आधी आपल्याच पोरांना बोलायला शिकवा. डिफेंडरच्या मागून स्क्रीन येत असेल तर त्याच्या साथीदारानं ओरडून सांगायचं असतं. आमच्या संघात निम्मी पोरं घरी मराठी, निम्मी कन्नड. एक ‘डावीकडं’ ओरडतो, दुसरा ‘एडक्के’. आता ठरवून टाकलंय, डावीला ‘एड’, उजवीला ‘बल’, सगळ्यांनी तेच ओरडायचं. त्या दिवसापासून अंगावर घेतलेल्या धडका कमी झाल्या.

हॉस्टेल ब्लॉक सी

व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) इंजिनिअरिंग करतोय, खेळापेक्षा व्हिडिओ जास्त बघतो, आधीच सांगतो. पण टिळकवाडीकर सरांनी गार्नेट आणि मलोनची मिठी उचलली आणि स्टॉकटन-मलोन जोडीकडची खरी बारीक गोष्ट सोडली. स्टॉकटन फक्त 1.85 मीटर उंच, 15,806 असिस्ट (साथीदाराला बास्केट मिळवून देणारे पास) नावावर, आणि तो स्वतः आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या खेळाडूंना स्क्रीन लावायचा. छोट्यानं मोठ्याला स्क्रीन लावली की डिफेंडरनी अदलाबदल करायची की नाही हा पेच पडतो. केली तर मलोनसमोर बुटका डिफेंडर. शाळेत हे सहज जमेल, आणि धक्का शून्य.

दुसरं, स्लिप. स्क्रीन लावणाऱ्याचा डिफेंडर स्क्रीनच्या बाहेर येऊन बॉलवाल्याला अडवायला पुढं सरसावला की स्क्रीन लावायचीच नाही. लावतोय असं दाखवून बास्केटकडं पळायचं. धडकच नाही तर फाऊल कसला? किंवा नुसतं जवळून पळत जाऊन बाहेर शॉटच्या जागी उभं राहायचं. दोघे डिफेंडर एकमेकांकडं बघत राहतात.

एनबीएत खेळलेल्या मार्सिन गोर्टाटची गोष्ट तर तुमच्या बाजूची आहे सर, ती का नाही सांगितली? स्क्रीन लावून रोल करायचा, पण पास मागायचा नाही. बास्केटजवळ मागं थांबलेल्या आपल्याच डिफेंडरला पाठीवर घेऊन उभं राहायचं, बॉलवाल्याला सरळ वाट मोकळी. त्याच्या नावानंच ओळखतात ती स्क्रीन.

शिट्टीवाला

गोर्टाटवाली जागा आधी पकडून उभं राहिलात तर वाजवणार नाही. ढकलत ढकलत नेलंत तर वाजवणार.

टिळकवाडीकर

ब्लॉक सी, स्लिप मी शिकवतोच. खरं स्लिप चालते कधी? समोरच्याला आधी दोन-तीन खऱ्या, अंगाला जाणवणाऱ्या स्क्रीन बसल्या असतील तेव्हा. घाबरून तो लवकर पुढं येतो, तेव्हाच मागं जागा सापडते. नुसती हवेत दाखवलेली स्क्रीन तिसऱ्यांदा कुणी मानत नाही.

निपाणीच्या ताईंचं वाट बघण्याचं बरोबर. पण शॉटसाठीच्या 24 सेकंदांतले सहा उरलेत, प्रेस लागलाय (समोरचे अंगावर येऊन दाबतायत), कोण कुणाची वाट बघणार? तिथं ते अर्धं पाऊल लागतं. सरांच्या ओल्या सिमेंटवर नको, कबूल. पोरगं जिल्ह्याच्या पुढं खेळायला जातं तेव्हा समोरची पोरं हे सगळं करून येतात. आमच्या पोराला ते अंगावर आल्यावर कळावं, की आधी?

निपाणीची पॉइंट गार्ड

ओळखायला शिकवा की! डिफेंडरला शिकवा की असं अर्धं पाऊल आलं तर हात वर करून शरीर बाजूला काढ, पडू नकोस, पंचाला दिसू दे. करायला शिकवणं आणि ओळखायला शिकवणं यात फरक आहे, आणि तुम्ही तो मुद्दाम पुसताय.

टिळकवाडीकर

स्वतः केल्याशिवाय ओळखता येत नाही, ताई.

खानापूरचे पीटी सर

कबड्डीत घोटा कसा पिरगळतो हेही मग करून बघायचं का?

शिट्टीवाला

टिळकवाडीकर, पुढच्या सराव सामन्याला बोलवा. पहिल्या अर्ध्या पावलाला वाजवतो. तुमचा उंच पोरगा कितव्या मिनिटाला पाच करतो ते इथंच लिहा.