सत्यमच्या बँकेतले 5,040 कोटी कोणीच कसे मोजले नाहीत?

आर्टिकल_पुणे:
मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर हसा, चालेल. सीए इंटर झालंय, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) सुरू आहे, सरांनी हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याची केस वाचून यायला सांगितलंय. कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं 7 जानेवारी 2009 चं कबुलीचं पत्र वाचलं आणि पहिल्याच मुद्द्यावर अडकलो. पुस्तकात रोकड आणि बँक शिल्लक 5,361 कोटी, आणि त्यातले 5,040 कोटी नाहीतच! म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव रुपये हवेत. येणी फुगवली, नफा फुगवला हे एकवेळ समजतं, त्यात अंदाजाला जागा असते, पण बँक बॅलन्स? आमच्याकडे भुसार दुकानदाराचं ऑडिट असलं तरी आधी बँक स्टेटमेंट मागतात. इथे एवढी मोठी ऑडिट फर्म, इंटर्नल ऑडिट, ऑडिट कमिटी, वर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात लिस्टिंग, आणि कोणालाच बँकेला एक फोन करावासा वाटला नाही? आणि शेवटी जबाबदार कोण ठरलं?

जुना_सीए:
प्रश्न बावळट अजिबात नाही, उलट नेमका तिथेच हात घातलायस. फोनचं सोड, शिल्लक किती ते बँकेला पत्राने विचारायचा नियम तेव्हाही होताच. कन्फर्मेशन म्हणतात त्याला. अट एकच, पत्र ऑडिटरने स्वतः टाकायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायचं, मधे क्लायंटचा हात लागता कामा नये. अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या सेबीने, एप्रिल 2011 मध्ये सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या फर्म्सना 60 लाख डॉलर दंड लावला (ऑडिटरवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या पीसीएओबीचे 15 लाख वेगळे) त्यात मुख्य ठपका हाच होता की कन्फर्मेशनचं काम जवळजवळ सत्यमच्याच लोकांवर सोपवलेलं होतं. आता ज्याने चोरी केली त्याच्याच हातात टपाल दिल्यावर उत्तर काय येणार?

हे घडतं कसं ते सांगतो. माझ्या आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कंपनीत होतो, नाव नको. मी बँकेच्या पत्राचं पाकीट चिकटवत बसलेलो, तिथले अकाउंटंट म्हणाले, द्या इकडे, आमचा शिपाई बँकेतच चाललाय. तेही प्रेमाने, वर चहा मागवला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच उत्तर आणून दिलं, शिक्का सही सगळं व्यवस्थित, फक्त कागदाला पंचिंगची दोन भोकं आधीच पाडलेली, आणि ती त्यांच्या फायलीला तंतोतंत बसत होती. सिनियरला दाखवलं तर म्हणाला, आकडा जुळतोय ना, मग लाव फायलीला. मी लावला. ते पत्र खरं होतं का खोटं हे आजही मला ठाऊक नाही, आणि तीच गोष्ट जास्त टोचते.

खडूस_काका:
वा, म्हणजे सगळं टपालावर ढकलून मोकळे! अहो सीए साहेब, बोर्डाचं काय? 16 डिसेंबर 2008 ला याच बोर्डाने राजूंच्या मुलांच्या दोन मेटास कंपन्या 160 कोटी डॉलरला घ्यायला एकमताने होकार दिला. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की सत्यमचं मेटास होतं, इतकं उघड होतं सगळं. आयटी कंपनी, आणि घेणार काय तर जमिनी आणि बांधकाम! हार्वर्डचे प्राध्यापक, हैदराबादच्या आयएसबीचे डीन असे लोक होते टेबलाभोवती. शेवटी गुंतवणूकदारांनी बोंब मारली तेव्हा काही तासांत सौदा मागे घेतला. गंमत म्हणजे पत्रात राजूच लिहितात की मेटासचा सौदा हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणायचा शेवटचा प्रयत्न होता. म्हणजे पैसे द्यायचेच नव्हते हो, नसलेले पैसे दिल्याचं दाखवून भोक बुजवायचं होतं. आणि त्याच वर्षी चांगल्या कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार यांनाच, नंतर काढून घेतला ते वेगळं.

आर्टिकल_पुणे:
काका हे भारीच, भोक बुजवायचं असं कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. पण मग शिक्षा कोणाला झाली? बोर्डाला काहीच नाही?

कोर्टाची_पायरी:
9 एप्रिल 2015 ला हैदराबादच्या विशेष कोर्टाने 10 जणांना दोषी धरलं. राजू, त्यांचे दोन भाऊ, सीएफओ (वित्तप्रमुख), ऑडिट फर्मचे 2 पार्टनर, आणि हे नीट वाच, इंटर्नल ऑडिटचा प्रमुखसुद्धा. 7-7 वर्षं सक्तमजुरी. पण महिनाभरात अपिलात शिक्षा स्थगित आणि जामीन. बोर्डावरचे स्वतंत्र, म्हणजे कंपनीबाहेरचे संचालक त्या 10 जणांत नव्हते. सेबीने जानेवारी 2018 मध्ये प्राइस वॉटरहाउसवर लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटला 2 वर्षं बंदी घातली, ती सॅटने (सेबीविरुद्धची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण) 2019 मध्ये रद्द केली. तिकडे अमेरिकेत शेअर घेतलेल्यांनी मात्र एकत्र दावा, म्हणजे क्लास अॅक्शन करून कंपनीकडून 12.5 कोटी डॉलर आणि ऑडिटरकडून 2.55 कोटी डॉलरची तडजोड मिळवली, इथल्या बाजारात घेतलेल्यांना तसा दावा लावायची सोयच कायद्यात नव्हती. ती आली 2013 च्या कंपनी कायद्यात, कलम 245, आणि लागू व्हायला 2016 उजाडलं. ऑडिटर सक्तीने बदलायचा नियमही त्याच कायद्यातला, आणि ऑडिटरवर नजर ठेवायला एनएफआरए 2018 ला. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर.

मगरपट्टा_वासी:
एक बाजू कोणी मांडतच नाहीये म्हणून लिहितोय. पत्र आल्यावर चार दिवसांच्या आत सरकारने जुनं बोर्ड काढून आयटी उद्योगातले किरण कर्णिक, एचडीएफसीचे दीपक पारेख वगैरेंना आणून बसवलं, आणि एप्रिलमध्ये रीतसर बोली लावून आपल्या पुण्याच्या टेक महिंद्राने 58 रुपये शेअरच्या भावाने 31 टक्के हिस्सा घेतला. 50 हजारांवर माणसं होती कंपनीत, कामं खरी होती, कोडिंग करणारे खरे होते, खोटे होते ते हिशोबातले आकडे. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत मार्जिन, म्हणजे विक्रीतून उरणारा नफा, दाखवलं 24 टक्के आणि खरं होतं 3 टक्के. 2013 मध्ये विलीन झाली तेव्हा सत्यमच्या 17 शेअरला टेक महिंद्राचे 2 मिळाले. म्हणजे धंदा वाचवता आला, ते श्रेय द्यायला काय हरकत आहे.

खडूस_काका:
श्रेय दिलं हो, घ्या. पण 24 च्या जागी 3, आणि बहुतेक अॅनालिस्टना वाटलं नाही की इन्फोसिस विप्रोच्या तोडीचं मार्जिन असून ही रोकड नुसती पडून का आहे, वाटून का टाकत नाहीत? लोक तिमाही बघून टाळ्या वाजवत होते.

जुना_सीए:
काका हा मुद्दा मान्य. पण कन्फर्मेशनचं मी सोडणार नाही, कारण 2020 मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचं सेम टू सेम झालं. 190 कोटी युरो फिलिपिन्सच्या दोन बँकांत आहेत म्हणे, आणि बँका म्हणाल्या ही कंपनी आमची गिऱ्हाईकच नाही, कागद बनावट आहेत. सत्यमला 11 वर्षं होऊन गेली होती. तर बाळा, तुझ्या आत्ताच्या क्लायंटची पत्रं कोण टाकतंय ते बघितलंस का?

आर्टिकल_पुणे:
सीए साहेब, तुमचं वाचून आज ड्रॉवर उघडला. चार बँकांची पत्रं, क्लायंटची सही घेतलेली, तीन आठवड्यांपासून तिथेच. वर पिवळी चिठ्ठी, क्लायंटकडून माणूस येऊन घेऊन जाईल. चिठ्ठी काढली आणि लंच टाइमला पोस्टात जाऊन स्वतः स्पीड पोस्ट करून आलो, उत्तराचा पत्ता आमच्या ऑफिसचा. संध्याकाळी सरांनी विचारलं, पावत्या कुठल्या खात्यात टाकायच्या रे? अजून कळलं नाही ते चिडले होते का खूश.